चार खाटांचे प्रसूतिगृह

अमरावतीचे डफरीन असो की अकोल्याचे लेडी हार्डिंग, बाळंतीण घरी निघाली की आज सिस्टरच्या सूचना सगळे कान देऊन ऐकतात. शंभर वर्षांपूर्वी असे नव्हते. बाळंतपण विटाळाचे मानले जाई आणि चांगल्या घरातल्या मुलीने नर्स होणे कमीपणाचे वाटे. विदर्भात हे चित्र बदलणाऱ्यांमध्ये कमलाताई होस्पेट यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म १८९६ मध्ये खानदेशातील शिरपूरचा. लहानपणीच लग्न झाले आणि कोवळ्या वयात वैधव्य आले. शुभकार्यात विधवेची सावलीही नकोशी असण्याचा तो काळ. कमलाताईंनी नागपूरच्या डफरीन रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतले. समाजाने जिला अशुभ ठरवले होते, तिच्याच हातांत नवजात बाळे येऊ लागली.

१९२१ मध्ये सहकारी वेणूताई नेने यांच्यासह त्यांनी नागपुरात सीताबर्डीवर मातृसेवा संघ सुरू केला. प्रसूतिगृहात खाटा होत्या चार. पुढे परिचारिकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि इतर गावांतही शाखा निघाल्या.

सुखरूप सुटका झाली तरी बाळाचा धोका टळत नसे. अस्वच्छ विळ्याने नाळ कापल्याने धनुर्वात होई. आईचा चीक पिळून टाकला जाई. कामावर जाणाऱ्या अनेक आया बाळ निजून राहावे म्हणून त्याला अफू चाटवत. मात्रा चुकली की ते पुन्हा उठतच नसे. अशा वेळी घरातल्या आजीलाही पटेल असे, तिच्याच भाषेत समजावणारी जाणती परिचारिका हवी होती. कमलाताईंनी अशा परिचारिका घडवल्या. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज अफू मागे पडली, तरी बाळाच्या झोपेची काळजी तीच आहे. दोन-तीन तासांनी दुधासाठी जागे होणे हा नवजात बाळाचा आजार नव्हे. त्याला उताणे निजवावे, तोंडाजवळ उशी-गोधडी ठेवू नये, बाजेखाली शेगडी किंवा धुरी नको. पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध. मध, गुटी, पाणीही नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोपेचे कोणतेही औषध देऊ नये. शंका आली तर शेजारणीआधी सिस्टरला विचारावे.