अपुरे राहिलेले खाते

बँकेच्या नोकरीत साताऱ्याला बदली झाली, तेव्हा रेव्हरंड ना. वा. टिळक मला नव्याने भेटले. १८६१ साली कोकणात जन्मलेल्या टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. पुढे लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या. १९१७ मध्ये टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. येशूचे चरित्र मराठी पुराणाच्या वळणाने सांगणारे ‘ख्रिस्तायन’ मात्र दहाएक अध्यायांवर थांबले. १९१९ मध्ये ते गेले.

इटलीचा दान्ते १३२१ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या परलोककाव्याची शेवटची पाने मुलाला भिंतीत सापडली, अशी आख्यायिका आहे. इथे पाने लिहिलेलीच नव्हती. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ६४ अध्याय रचले. निवृत्तीनंतर सांगलीत ते वाचताना वाटते, गेलेल्या माणसाचे खाते असेही पुरे करता येते.