रिपोर्टमधला ‘एचयू’ कोणाच्या नावाचा? गॉडफ्रे हाउन्सफील्ड आणि हृदयाचा सीटी स्कॅन

तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या हृदयाचा सीटी स्कॅन झाला असेल, तर रिपोर्टमध्ये कॅल्शियम स्कोअर पाहिला असेल. तो मोजताना १३० एचयू किंवा त्याहून दाट दिसणारा भागच कॅल्शियम म्हणून धरतात. एचयू म्हणजे हाउन्सफील्ड युनिट. हे हाउन्सफील्ड डॉक्टर नव्हते, इंजिनिअर होते.

गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचा जन्म २८ ऑगस्ट १९१९ रोजी इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायरमध्ये एका शेतकरी कुटुंबात झाला. पाच भावंडांत ते सर्वांत धाकटे. शेतावरची यंत्रे न्याहाळायची, घरी बनवलेल्या ग्लायडरने गवताच्या गंजीवरून उडी मारायची, हे त्यांचे उद्योग. शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र सोडून फारसे लक्ष लागले नाही. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात रडार शिकवले आणि नंतर ईएमआय कंपनीत रुजू झाले.

१९६७ च्या सुमारास त्यांना एक कल्पना सुचली. बंद पेटीतून सर्व बाजूंनी किरण सोडले, तर आत काय आहे ते पेटी न उघडता कळेल का? अडचण अशी की एक किरण फक्त त्याच्या वाटेवरची एकूण बेरीज सांगतो. कोणत्या ठिकाणी किती दाटपणा आहे, हे हजारो बेरजांवरून संगणकाने शोधायचे. यालाच प्रतिमेची पुनर्रचना म्हणतात. पहिले उपकरण त्यांनी लेथच्या सांगाड्यावर उभे केले. एका प्रतिमेसाठी २८,००० मोजमापे घ्यायला नऊ दिवस लागले आणि गणिताला आणखी अडीच तास. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. त्यात गाठ स्पष्ट दिसली.

सुरुवातीच्या त्या यंत्रात गणिताची रीत अशी होती: आधी अंदाज बांधायचा, मोजमापाशी ताडून पाहायचा, चूक दुरुस्त करायची, पुन्हा ताडायचा. हिला वेळ फार लागे. म्हणून लवकरच एका फेरीत उत्तर देणारी दुसरी रीत आली (फिल्टर्ड बॅक प्रोजेक्शन) आणि अनेक दशके तीच चालली. संगणक वेगवान झाल्यावर ताडून-सुधारून प्रतिमा घडवण्याची रीत नव्या रूपात परतली. मला यात गंमत वाटते.

१९७९ मध्ये हाउन्सफील्ड यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासोबत नोबेल मिळाले. त्या वेळच्या व्याख्यानात त्यांनी, विशेष पद्धतीने स्कॅन केल्यास हृदयाच्या रक्तवाहिन्याही दिसू शकतील अशी शक्यता मांडली होती. १२ ऑगस्ट २००४ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच सुमारास ६४ स्लाइसची यंत्रे आली आणि हृदयाचा स्कॅन नेहमीच्या तपासण्यांत शिरू लागला.

आता तुमच्या रिपोर्टकडे येऊ. नव्या रीतीने चित्रातले दाणे कमी होतात, त्यामुळे कमी किरणांत काम भागते. पण गुळगुळीत करताना कॅल्शियमचे बारीक ठिपके १३० च्या खाली जाऊ शकतात आणि स्कोअर कमी येतो. १९९० मध्ये ही स्कोअरपद्धत ठरली, तेव्हा प्रतिमा जुन्या रीतीच्या होत्या, म्हणून अनेक ठिकाणी कॅल्शियम स्कोअरसाठी आजही तीच वापरतात. रक्तवाहिन्यांच्या चित्रात वेगळी अडचण असते. कॅल्शियम आहे त्यापेक्षा मोठे दिसते आणि अडथळा जास्त वाटतो. स्टेंट असेल तर त्याच्या आतले पाहण्यासाठी अधिक धारदार प्रतिमा घडवतात, मात्र तिच्यात दाणे वाढतात.

म्हणून दोन केंद्रांवरच्या स्कोअरमध्ये थोडा फरक दिसला, तर आजार वाढला किंवा बरा झाला असे लगेच समजू नका. स्कोअर कमी आला म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी मनाने बंद करू नका. पुन्हा स्कॅन करायचा झाल्यास शक्यतो त्याच केंद्रात करा, जुनी सीडी सोबत न्या आणि दोन्ही वेळा प्रतिमा एकाच रीतीने घडवल्या आहेत का, हे रेडिओलॉजिस्टना विचारा.