धर्म तोच, वाट वेगळी : सरहद्द गांधी बादशहाखान

कुठे बॉम्ब फुटला, कुठे दंगल झाली की चहाच्या टपरीवर एक वाद हमखास रंगतो. हे त्यांच्या धर्मातच आहे, असं एक जण म्हणतो. धर्म चांगला, माणसं वाईट, असं दुसरा म्हणतो. दोघंही हट्टाला पेटतात आणि चहा थंड होतो. या वादात एका माणसाचं आयुष्य समोर ठेवावं असं आहे. ते म्हणजे खान अब्दुल गफार खान, आपल्याकडच्या जुन्या पिढीचे सरहद्द गांधी.

त्यांचा जन्म १८९० चा, पेशावरजवळच्या चारसद्दा भागातील उतमानझई गावचा. वडील बेहराम खान मोठे जमीनदार. पठाणांच्या त्या मुलखात घरोघरी बंदूक होती आणि सूड घेणं ही इज्जतीची गोष्ट मानली जायची. एका खुनाचा बदला पुढच्या पिढीपर्यंत चालायचा. मुलांना इंग्रजांच्या शाळेत घालणं पाप आहे, असं गावोगावचे मुल्ला सांगायचे. बेहराम खानांनी ते ऐकलं नाही आणि मुलाला पेशावरच्या मिशन शाळेत घातलं.

१९१० मध्ये, जेमतेम विशीत असताना, बादशहाखानांनी गावात शाळा काढली. पुढे १९२१ मध्ये आझाद शाळा सुरू केली, तर सरकारने त्यांना तीन वर्षांसाठी तुरुंगात टाकलं. मुल्लांना शाळा धर्मविरोधी वाटत होती, सरकारला राजद्रोही. शिकलेला पठाण दोघांनाही नको होता.

१९२९ मध्ये त्यांनी खुदाई खिदमतगार ही संघटना उभी केली. खुदाई खिदमतगार म्हणजे देवाचे सेवक. लाल रंगाचा सदरा ही त्यांची खूण. हिंसा करणार नाही, सूड घेणार नाही, त्रास देणाऱ्याला माफ करीन आणि रोज निदान दोन तास समाजाचं काम करीन, अशी शपथ प्रत्येकाला घ्यावी लागे. हिंदू आणि शीखही त्यात आले. सूडावर वाढलेल्या पठाणांनी अशी शपथ घेतली, हे इंग्रजांना खरंच वाटेना.

त्या शपथेची परीक्षा लगेच झाली. २३ एप्रिल १९३० रोजी बादशहाखानांना अटक झाली आणि पेशावरच्या किस्साखानी बाजारात नि:शस्त्र जमावावर गोळीबार झाला. गढवाली पलटणीतल्या चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी मात्र गोळी झाडायला नकार दिला आणि त्यापायी तुरुंगवास भोगला. समोर मुसलमान पठाण आणि बंदुका हाती असलेले हे शिपाई हिंदू, एवढं लक्षात ठेवावं.

ही अहिंसा गांधीजींकडून उसनी आणली, असं अनेकांना वाटतं. बादशहाखानांचं म्हणणं वेगळं होतं. मक्केत असताना पैगंबरांनी वर्षानुवर्षं छळ सोसला आणि हात उचलला नाही. सबर, म्हणजे संयम, हेच पैगंबरांचं शस्त्र होतं. आपण ते विसरलो होतो, गांधीजींनी आठवण करून दिली, असं ते मांडत. आता बघा, त्यांचे विरोधकही तोच कुराण वाचत होते. त्यातले लढाईचे संदर्भ ते दाखवत, तर बादशहाखान मक्केतले दिवस दाखवत. जुन्या प्रत्येक धर्मात अशा दोन्ही गोष्टी सापडतात. त्यातली कुठली उचलायची आणि मुलांना कुठली शिकवायची, हे माणूस ठरवतो.

आपल्या मुलखाशीही त्यांचा संबंध आला. १९३४ मध्ये हजारीबागच्या तुरुंगातून सुटल्यावर सरकारने त्यांना सरहद्द प्रांतात परत जायला बंदी केली. तेव्हा ते वर्ध्याला गांधीजींकडे राहिले. मुंबईत केलेल्या एका भाषणावरून त्याच वर्षी डिसेंबरात त्यांना वर्ध्यातच अटक झाली आणि दोन वर्षांची शिक्षा झाली.

दुसऱ्या बाजूचा अतिरेकही त्यांनी पाहिला. बिहारमध्ये हिंदू जमावांनी मुसलमानांची कत्तल केली, तेव्हा १९४७ मध्ये ते गांधीजींबरोबर तिथल्या गावांतून फिरले. तरीही हिंदू धर्म असाच आहे, असं त्यांनी म्हटलं नाही. स्वत:च्या धर्माला जो न्याय लावला, तोच दुसऱ्याच्याही लावला.

फाळणीला त्यांचा विरोध होता. फाळणीनंतर पाकिस्तानने त्यांना पुन्हा पुन्हा कैदेत टाकलं. इस्लामच्या नावाने उभ्या राहिलेल्या देशाला हा नमाजी माणूस परवडला नाही. १२ ऑगस्ट १९४८ रोजी चारसद्द्यातल्या बाबडा इथे त्यांच्या लोकांवर गोळीबार झाला, तोही मुसलमान सरकारकडून. दोन्ही राजवटी मिळून आयुष्यातली जवळपास तीस वर्षं त्यांची कैदेत गेली. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीला ते भारतात आले, तेव्हा गुजरातेत दंगली उसळल्या होत्या. त्यांनी तीन दिवस उपवास केला. १९८७ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं.

२० जानेवारी १९८८ रोजी पेशावरात त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन अफगाणिस्तानात जलालाबादला झालं. तिथं युद्ध चालू होतं, तरी हजारो लोक सीमा ओलांडून गेले. त्या गर्दीतही स्फोट झाले आणि माणसं मेली.

२०१६ मध्ये त्याच तारखेला, चारसद्द्यात त्यांच्या नावाने असलेल्या बाचा खान विद्यापीठात बंदूकधारी घुसले. त्या दिवशी तिथं त्यांच्या स्मरणार्थ मुशायरा ठरला होता. वीसहून अधिक जण मारले गेले, बहुतेक विद्यार्थी. पाकिस्तानी तालिबानच्या एका कमांडरने जबाबदारी घेतली, तर त्याच संघटनेच्या प्रवक्त्याने हे शरियतविरोधी असल्याचं सांगितलं. म्हणजे टपरीवरचा वाद खुद्द बंदूक हातात घेतलेल्यांतही मिटलेला नाही.

मारणारे आणि ज्यांच्या नावाचं विद्यापीठ होतं ते, दोघंही एकाच धर्माचं नाव घेणारे. बादशहाखानांनी हा वाद ग्रंथाची पानं दाखवून जिंकायचा नाद केला नाही. त्यांनी गावोगाव शाळा काढल्या, कारण तिथं कोण शिकवतो आणि काय शिकवतो यावर पुढचं सगळं ठरतं, हे त्यांना विशीतच कळलं होतं. हल्लेखोरही शेवटी वर्गखोल्यांवरच चालून आले.