साथीचा गळा : सरस्वतीबाई राणे

दिल्ली विद्यापीठाच्या परिसरापासून थोड्याच अंतरावर, उत्तरेकडील टेकडीवर, हिंदूराव ह्या नावाचे रुग्णालय आहे. हे नाव कागलकर घाटगे घराण्यातील एका मराठा सरदाराचे, हे तेथे येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. विल्यम फ्रेझर ह्या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ साली खून झाला; त्यानंतर त्याची कोठी हिंदूरावांनी घेतली आणि १८५७ च्या लढाईत ती कोठी मोक्याचे ठाणे ठरली. इतिहासग्रंथांत मात्र हिंदूरावांची ओळख बहुधा बायजाबाई शिंदे यांचे बंधू एवढीच उरली आहे.

प्रसिद्ध बहिणीच्या नावाआड राहून जाण्याचा हा प्रकार संगीताच्या इतिहासातही आढळतो. गायिका सरस्वतीबाई राणे यांचे चरित्र त्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. हिंदूराव कागलहून दिल्लीस आले. सरस्वतीबाईंचे वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. दिल्लीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, यमुनेच्या पैलतीरी असलेल्या कैराना गावातून निघून, बडोद्यामार्गे ते कागलजवळच्या मिरजेस पोहोचले. किराणा घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजली ती ह्या प्रवासामुळे.

सरस्वतीबाईंचा जन्म १९१६ साली मिरजेस झाला. त्यांचे मूळ नाव सकीना. अब्दुल करीम खाँ व ताराबाई माने यांच्या पाच अपत्यांत त्या धाकट्या. पुढे ताराबाई पतीपासून वेगळ्या झाल्या आणि मुलांची नावे बदलली : अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले, चंपाकलीच्या हिराबाई झाल्या, सकीनाची सरस्वती झाली. आईचे माने हे आडनाव मुलग्यांनी लावले. पित्याचे नाव बाजूस सारले गेले तरी त्याचा सूर घरात राहिला. सरस्वतीबाईंची तालीम वडिलांपेक्षा थोरला भाऊ व थोरली बहीण यांच्याकडेच अधिक झाली. पुढे उस्ताद नत्थन खाँ, प्रा. बी. आर. देवधर आणि मास्टर कृष्णराव यांचेही मार्गदर्शन त्यांना लाभले. अनेक घराण्यांच्या वाटा पाहूनही गळा किराण्याचाच राहिला, हे त्यांच्या शिस्तीचे लक्षण मानावयास हरकत नाही.

त्यांच्या कारकिर्दीचा आरंभ रंगभूमीवर, अगदी बालवयात झाला. १९२९ साली ह्या कुटुंबाने स्वतःची नाटक मंडळी काढली. स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनी करण्याची रूढी अद्याप दृढ असताना येथे बहिणींनी स्त्रीभूमिका केल्या. ‘सौभद्र’, ‘संशयकल्लोळ’, ‘एकच प्याला’ यांसारखी नाटके सादर झाली. बोलपट येऊ घातला होता आणि नाटक मंडळ्यांचे दिवस भरत आले होते. ही मंडळीही अल्पायुषी ठरली आणि कर्जाचा बोजा मागे ठेवून गेली. संगीत ही त्या घरात केवळ साधना राहिली नाही, ती उपजीविकाही होती. १९३३ पासून सरस्वतीबाई नभोवाणीवर गाऊ लागल्या आणि १९९० पर्यंत गात राहिल्या. ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव १९३६ साली रूढ झाले. म्हणजे त्यांचे नभोवाणीवरील गायन त्या नावापेक्षाही जुने होते.

चित्रपटात त्या पडद्यामागे उभ्या राहिल्या. पार्श्वगायनाची पद्धत आपल्याकडे १९३५ च्या सुमारास सुरू झाली. तोवर नटाने स्वतःच गावे अशी अपेक्षा असे. आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’ (१९४१) ह्या चित्रपटात सरस्वतीबाई गायल्या. त्यानंतर विजय भट्ट यांच्या ‘रामराज्य’ (१९४३) मध्ये शंकरराव व्यास यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली त्यांनी गायिलेले वीणेचे गीत भीमपलासाच्या छायेत देशभर पोहोचले. सीतेची भूमिका शोभना समर्थ यांची होती. प्रेक्षकांच्या मनात मुखवटा आणि गळा एकरूप झाले. त्या काळी हे इतके स्वाभाविक मानले जाई, की १९४९ साली ‘महल’मधील गाजलेल्या गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर आरंभी लता मंगेशकर यांच्या ऐवजी पडद्यावरील पात्राचे, कामिनीचे, नाव छापले गेले होते. पार्श्वगायिकेचे नाव असणे ही बाब हळूहळू मिळवावी लागली. सरस्वतीबाई त्या पहिल्या पिढीतल्या. पुढे १९७७ च्या ‘भूमिका’ ह्या चित्रपटासाठीही त्यांचा आवाज घेण्यात आला. हा चित्रपट हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावर आधारलेला आहे. जुन्या काळातील घरंदाज गाणे ऐकवावयाचे तर त्या काळाचा खरा गळा हवा, हे ओळखणारा कोणी तरी तेथे होता.

तथापि त्यांच्या कर्तृत्वाचा गाभा मैफलीतील साथीत आहे. पाश्चात्त्य संगीतात दुसरा आवाज निराळ्या स्वरावर उभा राहतो आणि दोन स्वरांच्या मेळातून त्याचे स्थान ऐकणाऱ्याला स्पष्ट दिसते. ख्यालगायनात ती सोय नाही. साथीदाराने तोच राग, तोच षड्ज, तीच बंदिश घ्यावयाची. मुख्य गायकाने श्वास घेतला की स्वर तुटू द्यावयाचा नाही. त्याने एखादी जागा सुचवून सोडली तर ती पुढे न्यावयाची, पण पूर्ण करून टाकावयाची नाही. मुखडा हाती आला की समेवर त्याच्याबरोबर उतरावयाचे. जितके येते त्याहून कमी गाणे, आणि ते कमी पडले असे भासू न देणे, हे ह्या कलेचे मर्म. किराणा घराण्यात तर आलाप एकेका स्वराने वाढत जातो. साथीदार अर्ध्या क्षणाने जरी पुढे गेला तरी बांधलेली इमारत ढासळते.

हिराबाई बडोदेकर यांच्यामागे सरस्वतीबाईंनी ही साथ वर्षानुवर्षे केली. हिराबाईंनी स्त्रीच्या मैफलीला जाहीर तिकिटे लावून, शांत व सभ्य बैठकीत गाऊन, प्रतिष्ठा मिळवून दिली. त्या प्रतिष्ठेच्या उभारणीत मागे तंबोरा धरून बसलेल्या धाकट्या बहिणीचा वाटा किती, ह्याचा हिशेब कोणी मांडला नाही. मग १९६५ च्या सुमारास एक महत्त्वाचा पालट झाला. दोघी भगिनी शेजारी बसून जुगलबंदी गाऊ लागल्या. गायिकांच्या जुगलबंदीचा प्रघात पाडण्याचे श्रेय ह्या जोडीला दिले जाते. स्त्री-पुरुषांच्या जुगलबंदीत पट्टीची अडचण येते; येथे पट्टी एक, तालीम एक, घरही एक. त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि सुमारे पंधरा वर्षे हे कार्यक्रम होत राहिले. मागची बैठक पुढे आली, एवढाच त्याचा अर्थ नव्हे. इतकी वर्षे जे मागून घडत होते ते आता रसिकांस समोर दिसू लागले.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. हिराबाईंना १९६५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० साली पद्मभूषण मिळाले, आणि ते सर्वथा योग्य होते. परंतु आपला संगीतेतिहास घराण्याचे प्रवर्तक आणि मैफलीचे मानकरी यांच्या क्रमाने लिहिला जातो. त्या क्रमात साथीदारास तळटीपेतच जागा मिळते. साहित्यात आपण भाषांतरकाराशी असेच वागत आलो आहोत : दुसऱ्याचा स्वर अखंड ठेवणाऱ्यास स्वतःचा स्वर नसतो, असे गृहीत धरून. सरस्वतीबाईंची कारकीर्द ह्या गृहीताचे खंडन करते. स्वतंत्र मैफली, नभोवाणीवरील जवळजवळ सहा दशके आणि चित्रगीते ही त्यांच्या स्वतंत्र सामर्थ्याची साक्ष आहे. ते सामर्थ्य आवरून धरणे ही त्यांनी स्वीकारलेली निराळी कला होती. ह्या दोन्ही गोष्टी एकाच गायिकेच्या ठायी नांदल्या, हे विसरल्यास चरित्र अर्धेच लिहिले जाते.

सुरेशबाबू १९५३ साली गेले, हिराबाई १९८९ साली. त्यानंतरच्याच वर्षी सरस्वतीबाईंनी नभोवाणीवरील गायन थांबविले. १० ऑक्टोबर २००६ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. दोघी बहिणींच्या जुगलबंदीची ध्वनिमुद्रिका आज ऐकावयास बसले असता कोणता आवाज कोणाचा हे ओळखण्याचा मोह प्रथम होतो. काही काळाने एक आवाज थांबतो, दुसरा त्याच स्वरावर पुढे जातो, आणि जोड कोठे आहे ते सापडत नाही. तो जोड न सापडणे हेच साथीचे यश, आणि तिचे नाव विसरले जाण्याचे कारणही.