मर्केटरने टॉलेमीसाठी निवडलेला नकाशा

पैठण, चौल, भडोच ही प्राचीन स्थळे आज संगणकावरील नकाशात मांडली जातात, तेव्हा पायाशी बहुधा गेरार्डस मर्केटरचेच प्रक्षेपण असते. स्वतः मर्केटरने मात्र प्राचीन स्थळे मांडताना ते वापरले नव्हते.

फ्लँडर्समधील रुपेलमोंड येथे ५ मार्च १५१२ रोजी एका जोडे शिवणाऱ्याच्या घरी तो जन्मला. घराण्याच्या क्रेमर या नावाचे, म्हणजे व्यापाऱ्याचे, लॅटिन रूप त्याने धारण केले. लुवेन येथे गेम्मा फ्रिसियसच्या हाताखाली तो गणित शिकला. १५३७ मध्ये पॅलेस्टाइनचा नकाशा, १५३८ मध्ये हृदयाकृती प्रक्षेपणातील जगाचा नकाशा, १५४१ मध्ये पृथ्वीगोल असे काम चालू असतानाच १५४४ मध्ये पाखंडाच्या संशयावरून त्याला सुमारे सात महिने कैद भोगावी लागली. पुढे १५५२ मध्ये तो ड्युसबुर्गला स्थायिक झाला.

तेथेच १५६९ मध्ये त्याचा विख्यात नकाशा प्रसिद्ध झाला. होकायंत्राची एकच दिशा धरून चाललेल्या जहाजाचा मार्ग त्यावर सरळ रेषेत उमटतो. त्यासाठी विषुववृत्तापासून दूर जाताना अंतरे ताणावी लागतात. पणजीच्या अक्षांशावर हा ताण सुमारे ४ टक्के, तर इंदूरच्या अक्षांशावर सुमारे ८ टक्के भरतो. एकाच मापाने दोन्हीकडची अंतरे मोजणारा इतिहासाभ्यासक म्हणूनच फसतो. खलाशासाठी केलेली ही सोय होती, हे विसरून चालत नाही.

१५७८ मध्ये त्याने टॉलेमीच्या भूगोलाचे २७ नकाशे कोरले. दुसऱ्या शतकातील या ग्रंथात स्थळे अक्षांश-रेखांशांसह दिलेली आहेत. त्यांच्या प्रादेशिक नकाशांसाठी मर्केटरने उत्तरेकडे निमुळत्या होत जाणाऱ्या चौकटी वापरल्या. रेखावृत्ते जवळ येत जातात हे त्यात दिसते आणि लहान प्रदेशातील अंतरे फारशी बिघडत नाहीत. टॉलेमीचा भारत दक्षिणेकडे निमुळता होतच नाही, पश्चिम किनारा जवळजवळ पूर्वेकडे वळतो. खरे द्वीपकल्प १५६९ च्या नकाशात काढलेले असूनही मर्केटरने येथे ती चूक तशीच ठेवली. मूळ ग्रंथकाराला काय ठाऊक होते ते जसेच्या तसे दिसावे, हा त्याचा हेतू होता, आणि माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतील हा सर्वांत प्रामाणिक निर्णय होय.

प्रक्षेपण निवडून स्थळनिश्चिती होत नाही, याचे उदाहरणही त्यानेच ठेवले आहे. १५६९ च्या नकाशावर प्राचीनांची गंगा म्हणजे चीनमधील कँटनची नदी, असे त्याने आग्रहाने मांडले होते.

२ डिसेंबर १५९४ रोजी ड्युसबुर्ग येथे त्याचे निधन झाले. पुढच्याच वर्षी त्याचा ॲटलास प्रसिद्ध झाला. त्यातील जगाचा नकाशा मुलगा रुमोल्ड याने काढलेला होता, तोही दोन गोलार्धांचा.