विश्लेषण : वाफेऐवजी दट्ट्या! एस्प्रेसोवर ‘क्रेमा’ आणणारे आकिले गाज्जा कोण होते?

घरगुती एस्प्रेसो मशिनच्या खोक्यावर ‘१५ बार’ किंवा ‘२० बार’ असा आकडा ठळक छापलेला असतो. प्रत्यक्षात चांगल्या एस्प्रेसोला साधारण ९ बार दाब पुरतो. हा ९ बारचा हिशोब कोणत्या प्रयोगशाळेतून नाही, तर इटलीतल्या मिलान शहरातील एका कॉफी बारच्या मालकाच्या खटपटीतून आला. त्यांचे नाव आकिले गाज्जा. आज कॉफीच्या कपावर जी सोनेरी-तपकिरी साय दिसते आणि जिला ‘क्रेमा’ म्हणतात, ती त्यांच्या यंत्रामुळे कपात आली. त्याआधीच्या एस्प्रेसोवर ती नव्हतीच.

गाज्जा यांच्याआधी एस्प्रेसो कशी होती?

गाज्जा यांचा जन्म १८९५ चा. त्याच्या ११ वर्षे आधी, १८८४ मध्ये, तुरिनच्या अँजेलो मोरिओन्दो यांनी वाफेच्या जोरावर कॉफी काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले होते. पुढे १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझ्झेरा यांनी एकेका ग्राहकासाठी ताजा कप काढणारे यंत्र तयार केले. देझिदेरिओ पावोनी यांनी ते पेटंट विकत घेऊन यंत्र बाजारात आणले. उंच, पितळी, घुमटासारखी ही यंत्रे कॅफेच्या काउंटरवर दिमाखात उभी असत. कॉफी झटपट मिळे, पण तिला करपल्याचा वास आणि कडवटपणा असे.

याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. बंद बॉयलरमध्ये वाफेचा दाब आणि पाण्याचे तापमान एकमेकांना बांधलेले असतात. वातावरणाच्या वर दीड बार दाब हवा असेल, तर बॉयलरमधले पाणी सुमारे १२७ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. ९ बार हवा असेल, तर सुमारे १८० अंश. कॉफीला मात्र ९० ते ९६ अंशांचे पाणी मानवते. म्हणजे वाफेवर दाब वाढवायचा तर कॉफी जळणार आणि कॉफी वाचवायची तर दाब मिळणार नाही. तीस-पस्तीस वर्षे सगळी इटालियन यंत्रे याच पेचात अडकून होती.

काउंटरमागची खटपट

गाज्जा इंजिनीअर नव्हते. मिलानमधील व्हियाले प्रेमुदा या रस्त्यावर त्यांच्या कुटुंबाचा बार होता आणि रोज तीच करपट कॉफी ग्राहकांना देणे त्यांच्या नशिबी होते. त्यांना वाफ कॉफीतून पूर्णपणे बाहेर काढायची होती. बॉयलरने फक्त पाणी तापवावे आणि दाब दुसऱ्या कशाने तरी द्यावा, असा हा विचार होता.

दट्ट्याने पाणी ढकलण्याची कल्पना त्या काळी मिलानमध्ये इतरांच्याही डोक्यात होती. क्रेमोनेसी नावाच्या तंत्रज्ञाने मळसूत्रावर फिरणाऱ्या दट्ट्यावर आधीच काम केले होते. गाज्जा यांनी त्याच वाटेने जाऊन ५ सप्टेंबर १९३८ रोजी वाफेविना चालणाऱ्या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यात मूठ फिरवली की आटे असलेला दट्ट्या खाली सरके आणि गरम पाणी कॉफीच्या थरातून दाबले जाई. ‘लाम्पो’, म्हणजे वीज, या नावाने ते ओळखले गेले. एकट्या शोधकाला अचानक साक्षात्कार झाला, अशी ही गोष्ट रंगवून सांगितली जाते. पण आधीच्या माणसाचे काम हाती घेऊन ते चालेल असे करणे, हेही लहान काम नाही.

नाव ‘वीज’ असले तरी यंत्र संथ होते. प्रत्येक कपासाठी मूठ पुन:पुन्हा फिरवायची आणि मग उलटी फिरवून दट्ट्या वर आणायचा. सकाळच्या गर्दीत बारवाल्याचा दंड भरून येणार. शिवाय दाब किती पडेल हे फिरवणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून. तेवढ्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले. इटलीत कॉफीच दुर्मीळ झाली, बॉम्बवर्षावात मिलानचे मोठे नुकसान झाले आणि यंत्राचे काम थांबले.

१९४७ : स्प्रिंग आणि तरफ

युद्धानंतर गाज्जा नव्या पेटंटसह परतले. अमेरिकी सैन्याच्या जीपमधील यंत्रणा पाहून त्यांना कल्पना सुचली, अशी एक दंतकथा आहे. ती खरी असो-नसो, १९४७ च्या पेटंटमधली रचना इतकी साधी आहे की आजही कागदावर चार रेघांत समजावता येते.

लांब दांडा खाली ओढला की दट्ट्या वर जातो आणि त्याच्यावरची जाड स्प्रिंग दबते. दट्ट्या वर गेल्याने मोकळ्या झालेल्या जागेत बॉयलरमधले गरम पाणी शिरते आणि काही सेकंद कॉफी भिजवते. मग दांडा सोडायचा. स्प्रिंग उलगडते, दट्ट्या खाली येतो आणि पाणी कॉफीतून दाबून निघते. वाफेचा संबंध संपला. बॉयलरने पाणी तापवायचे, स्प्रिंगने दाब द्यायचा.

आकडे पाहिले तर ही युक्ती किती मोठी होती ते कळते. दट्ट्याचा व्यास ५ सेंटिमीटर धरला तर त्याचे क्षेत्रफळ जवळपास २० चौरस सेंटिमीटर होते. त्यावर ९ बार दाब आणायचा तर सुमारे १८० किलो वजनाइतका जोर लागतो. हा जोर माणूस थेट देऊ शकत नाही. तरफेमुळे तो हाताच्या आवाक्यात येतो आणि स्प्रिंगमुळे प्रत्येक कपाला जवळपास सारखा मिळतो, मग बारवाला दमलेला असो वा ताजातवाना. आधीच्या मळसूत्री यंत्रात नेमके हेच नव्हते.

आणखी दोन गोष्टी आपोआप घडल्या. दट्ट्याखाली मावणाऱ्या पाण्यामुळे कपाचे मापच ठरून गेले. आजचा ३० मिलिलिटरच्या आसपासचा छोटा, दाट ‘शॉट’ तिथून आला. इंग्रजीत शॉट ‘ओढला’ जातो तोही या दांड्यामुळेच. दुसरी गोष्ट कपावर तरंगत होती.

क्रेमा म्हणजे नेमके काय?

भाजलेल्या कॉफीत कार्बन डायऑक्साइड वायू अडकलेला असतो. जास्त दाबाखाली तो पाण्यात विरघळतो आणि कॉफी कपात उतरताना दाब सुटला की बारीक बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येतो. कॉफीतले तेलकट आणि इतर घटक त्या बुडबुड्यांना धरून ठेवतात. तीच क्रेमा. दीड बारच्या वाफेला हे जमत नव्हते.

ग्राहकांना आधी हा फेस संशयास्पद वाटला, अशी आठवण कॉफीच्या इतिहासात सांगितली जाते. गाज्जा यांनी मात्र त्यालाच माल बनवले. ही कॉफीची स्वत:ची, नैसर्गिक साय आहे आणि यंत्र वाफेविना चालते, हे त्यांनी यंत्रावर आणि जाहिरातीत मिरवले. दोष वाटू शकणारी गोष्ट ओळख बनली. यात शोधकापेक्षा दुकानदाराची हुशारी जास्त दिसते.

आपल्याकडच्या लग्नाच्या मांडवात फुस्स आवाज करत दुधात वाफ सोडून, वर कोको पावडर भुरभुरवून मिळणारी ‘एस्प्रेसो कॉफी’ हा वेगळाच प्रकार. त्यात फेस दुधाचा आणि काम वाफेचे. गाज्जा यांनी जी वाफ कॉफीतून काढून टाकली, तीच आपल्याकडे एस्प्रेसोची खूण ठरली!

भागीदारी, फारकत आणि लंडन

१९४८ मध्ये गाज्जा कंपनी उभी राहिली आणि ‘क्लासिका’ हे यंत्र आले. स्वत:चा कारखाना नसल्याने उत्पादनासाठी कार्लो एर्नेस्तो व्हालेन्ते यांच्या फाएमा या कंपनीची मदत घेतली गेली. पण दोघांची दिशा वेगळी होती. गाज्जा यांना हे उंची यंत्र वाटत होते, तर व्हालेन्ते यांना स्वस्त करून ते अधिक बारपर्यंत न्यायचे होते. दोघांची वाट वेगळी झाली आणि फाएमा प्रतिस्पर्धी बनली.

तोवर यंत्राने इटलीची सीमा ओलांडली होती. १९५३ मध्ये लंडनच्या सोहो भागात फ्रिथ स्ट्रीटवर मोका बार सुरू झाला. काउंटरवर गाज्जा यंत्र होते आणि उद्घाटनाला अभिनेत्री जिना लोलोब्रिजिदा आली होती. पाठोपाठ ब्रिटनमध्ये कॉफी बारची लाट आली. याच दशकात कंपनीने ‘जिल्दा’ हे घरगुती तरफेचे यंत्रही काढले. रिटा हेवर्थच्या गाजलेल्या चित्रपटावरून त्याला नाव दिले होते. घरच्या ओट्यावर बारसारखी कॉफी, ही कल्पना तेव्हापासूनची.

आजच्या घरगुती मशिनशी याचा संबंध काय?

खूप जवळचा. घरी एस्प्रेसो बिघडते तेव्हा गाज्जा यांनी सोडवलेलाच प्रश्न परत उभा असतो : योग्य दाब, योग्य तापमान आणि दाबाला पुरेसा विरोध करणारा कॉफीचा थर.

खोक्यावरचे १५ बार म्हणजे पंपाची कमाल क्षमता, तीही पाणी वाहत नसताना. कॉफीवर तेवढा दाब पडणे अपेक्षित नसते. अनेक मशिनमध्ये जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह असतो. गाज्जा यांच्याच नावाने १९९१ मध्ये आलेल्या ‘क्लासिक’ या मॉडेलच्या जुन्या मशिनमध्ये हा व्हॉल्व्ह ९ बारपेक्षा बराच वर लावलेला असे. म्हणून हौशी मंडळी त्यातली स्प्रिंग बदलून तो ९ वर आणतात. स्प्रिंगनेच दाब ठरवायचा, ही मूळ युक्ती इथेही कामाला येते.

स्वस्त मशिनसोबत येणारी दुहेरी तळाची चाळणीही तपासून पाहावी. खालच्या तळाला एकच बारीक भोक असते. फेस त्या भोकातून कॉफी फवारल्याने येतो, कॉफीच्या थरामुळे नाही. शिळ्या, जाडसर पुडीवरही ‘क्रेमा’ दिसते, चव मात्र पाणचट. एकेरी तळाची चाळणी बसवली तर ताजी भाजलेली कॉफी आणि चांगला ग्राइंडर लागतोच, पण मग कपात काय चुकले ते कळू लागते. सुरुवातीचे माप असे : १८ ग्रॅम पूड, २५ ते ३० सेकंदांत सुमारे ३६ ग्रॅम कॉफी. पंधरा सेकंदांतच कप भरला आणि चव आंबट लागली तर पूड आणखी बारीक करावी. थेंब थेंब पडून कडवट झाली तर थोडी जाड. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर फरक कशाने पडला ते समजत नाही.

दुरुस्तीतल्या बहुतेक तक्रारी साध्या निघतात. हँडलच्या कडेने पाणी गळत असेल तर रबरी वॉशर कडक झालेला असतो. तो बदलणे पाच-दहा मिनिटांचे काम. पाणी एकाच बाजूने पडत असेल तर वरची चाळणी काढून, त्यामागचे कॉफीचे तेलकट किटण घासावे. बोअरवेलच्या पाण्यावर मशिन चालवले तर बॉयलरमध्ये क्षार साचतात. पाणी कमी येते, तापमानही ढळते. अशा वेळी कंपनीने सांगितलेले क्षारनाशक वापरावे, कारण काही मशिनचा बॉयलर अ‍ॅल्युमिनियमचा असतो. साफसफाईनंतर पंप नुसताच गुरगुरत असेल तर तो जळालाच असे समजू नये. अनेकदा आत हवा अडकलेली असते. वाफेची तोटी उघडून पंप चालवला की ती निघते. मशिन उघडण्याआधी प्लग काढणे, थंड होऊ देणे आणि तोटी उघडून दाब सोडणे हे मात्र टाळता येत नाही.

तरफेच्या मशिनला दट्ट्याची रबरी रिंग आणि खाद्यपदार्थांना चालणारे सिलिकॉन ग्रीस एवढीच वरचेवर लागणारी देखभाल. पण त्यातली स्प्रिंग दबलेल्या अवस्थेत असते. योग्य अवजाराशिवाय ती सोडवायला जाऊ नये. चाळणीत कॉफी नसताना किंवा पूड फार जाड असताना दांडा ओढून सोडू नये. अडवणारे काही नसल्याने तो उसळून हनुवटीवर बसतो.

१९६१

त्या वर्षी फाएमाने ‘ई-६१’ हे यंत्र बाजारात आणले. त्यात दाब देण्याचे काम विजेच्या पंपाकडे गेले, ९ बार पंपातून मिळू लागले. त्याच वर्षी आकिले गाज्जा यांचे निधन झाले. जुन्या भागीदाराच्या कंपनीने त्यांची तरफ मोडीत काढली, पण दाबाचा आकडा मात्र त्यांच्या स्प्रिंगने घालून दिला तोच राहिला.

तरफ पूर्ण गेली नाही. नेपल्समधल्या कित्येक बारमध्ये आजही बारवाले दांडा ओढूनच कॉफी काढतात. स्प्रिंग उलगडत जाते तसा शेवटी दाब हळूहळू उतरतो आणि कडवट अंश कमी निघतो, असे तिच्या चाहत्यांचे म्हणणे आहे. हाच उतरता दाब मिळावा म्हणून महागड्या पंपाच्या मशिनमध्ये आता दाब कमी-जास्त करण्याची इलेक्ट्रॉनिक सोय दिली जाते.