सीमेचे वाद जुने नकाशे काढून सोडवणारा ब्राझीलचा परराष्ट्रमंत्री

दक्षिण अमेरिकेचा नकाशा उघडून बघा. चिली आणि इक्वेडोर सोडले तर तिथल्या प्रत्येक देशाला ब्राझीलची सीमा लागते. एवढे शेजारी म्हटल्यावर भांडणं आलीच. त्यातली बरीचशी एका माणसाने टेबलावर बसून मिटवली. त्यांचं नाव जोझे मारिया दा सिल्वा पारान्योस, म्हणजेच बॅरन ऑफ रिओ ब्रांको.

जन्म १८४५ चा, रिओ दी जानेरोतला. वडील बडे राजकारणी, पण पोराला नाद इतिहासाचा. १८७६ मध्ये ते लिव्हरपूलला कॉन्सुल म्हणून गेले आणि युरोपात राहून जुने नकाशे, कागदपत्रं धुंडाळत राहिले. अर्जेंटिनासोबतचा वाद अमेरिकेचे अध्यक्ष क्लीव्हलँड यांच्या लवादाकडे गेला, तेव्हा हेच कागद कामी आले. १८९५ मध्ये निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला. १९०० मध्ये फ्रेंच गयानाच्या सीमेचा वादही त्यांनी स्विस लवादापुढे जिंकला.

१९०२ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले आणि समोर आला आक्रेचा प्रश्न.

हा भाग बोलिव्हियाचा, पण तिथे रबर गोळा करायला गेलेले हजारो ब्राझिलियन स्थायिक झाले होते. बोलिव्हियाने हा प्रदेश एका परदेशी कंपनीला चालवायला दिला आणि या लोकांनी बंड केलं. रिओ ब्रांको यांनी आधी कंपनीला १ लाख १० हजार पौंड देऊन बाजूला केलं. मग सैन्य पाठवलं आणि बोलणीही सुरू ठेवली. म्हणजे साहेब अगदीच शांतिदूत नव्हते बरं का! १९०३ च्या पेट्रोपोलिस करारात बोलिव्हियाला २० लाख पौंड आणि रेल्वे बांधून देण्याचा शब्द मिळाला. ब्राझीलला मिळालं आक्रे, नेपाळपेक्षाही मोठं. तिथल्या आदिवासींना मात्र कुणीच काही विचारलं नाही.

युरोपच्या सावलीतून बाहेर पडायचं तर अमेरिकेशी जवळीक हवी, हे त्यांनी ओळखलं. १९०५ मध्ये ब्राझीलने आपला पहिला पूर्ण दूतावास वॉशिंग्टनमध्ये उघडला.

गंमत म्हणजे हा माणूस मनाने राजेशाहीवाला. तरीही प्रजासत्ताकाच्या चार राष्ट्राध्यक्षांनी त्यांनाच मंत्रिपदावर ठेवलं.

१० फेब्रुवारी १९१२ रोजी, पदावर असतानाच ते गेले. कार्निव्हल आठवड्यावर आला होता. सरकारने दुखवटा म्हणून तो एप्रिलपर्यंत पुढे ढकलला. रिओच्या लोकांनी त्या वर्षी कार्निव्हल दोनदा साजरा केला.